विठाबाईंच्या फडात

भीमपुरातून निघताना खिशातले पैसे घरीच ठेवा. तुम्हाला 1935 च्या जुलैत जायचंय, आणि तेव्हा आपलं गाव निजामाच्या राज्यात आहे. इथे चालतो हाली शिक्का. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कलदार. सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागेल. शिपाई उर्दूत विचारेल, तुम्ही मराठीत सांगा, त्याला कळतं. भीमपूरला मंडल व्हायला अजून एक्क्याऐंशी वर्षं आहेत. आदिलाबाद जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके 1956 मध्ये तोडून पलीकडे जोडतील आणि आपण अलीकडेच राहू, हे आज कुणाच्या स्वप्नातही नाही.

आषाढ आहे, नदी भरलीये. डोंग्यात नीट बसा. पलीकडे गेल्यावर यवतमाळ गाठा. तिथून अरुंद रुळांची छोटी गाडी मूर्तिजापूरला नेईल. मग भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला पुन्हा गाडी बदला, बार्शी लाइटची. तीही छोटीच. उतराल तेव्हा समोर पंढरपूर.

वारकऱ्यांच्या गर्दीत तुम्हाला दर्शनाला जायचं नाहीये. तुम्हाला एक तमाशाचा फड शोधायचाय. नारायणगावचे नारायण खुडे यांनी उभा केलेला, आता त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांच्या नावानं चालणारा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर असं या फडाचं पुरतं नाव. जात नावातच आहे. लपवायची सोय नाही आणि लपवावी असं या माणसांना वाटतही नाही. याच महिन्यात, याच गावात भाऊंच्या घरी मुलगी झाली आहे. विठोबाच्या गावची म्हणून तिचं नाव विठा.

तिला बघून घ्या आणि पुढच्या वर्षांत चला.

वाटेत एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण तुम्ही आपल्या भागातून आलात. आपल्याकडे दंडार होते, नदीपलीकडे विदर्भात खडी गंमत होते. तिथे बाईचं सोंग पुरुषच घेतो, लुगडं नेसतो, नाच्या म्हणून नाव कमावतो. देशावरच्या फडात मात्र बाई स्वतः उभी राहू लागलीये. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी मुंबई-पुण्यात गाजून गेली, त्यालाही आता दिवस झाले. बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. रेठरे हरणाक्षच्या या माणसानं कुलकर्णीपण सोडून ढोलकी जवळ केली आणि पवळाच्या गळ्यासाठी लावण्या रचल्या. विठा जन्मली ती या वाटेवर. बाई फडात उभी राहू शकते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. बाई फड चालवू शकते का, हे तिला स्वतः दाखवावं लागलं, आणि त्यासाठीच मी तुम्हाला एवढ्या लांब आणलंय.

1940 नंतरची काही वर्षं. विठा शाळेत फारशी दिसणार नाही. ती बैलगाडीत आहे, ढोलकीला टेकून झोपलीये. फड एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालाय. दिवसा प्रवास, रात्री खेळ. पोर आईचा, थोरल्यांचा आवाज ऐकते, पाय बघते. तिला कुणी समोर बसवून शिकवत नाही. हलगी विस्तवावर धरून कशी तापवतात, ढोलकीचं पान उतरलं तर गाणारणीनं वेळ कसा मारून न्यायचा, समोरचा गडी नुसता शिट्टी मारतोय की खरंच दाद देतोय, हे सगळं तिला रांगेत उभं राहून कळतंय. मधे काही काळ ती मामा वरेरकरांच्या कलापथकातही काम करून येईल. तिथे वेगळी माणसं, वेगळी शिस्त. पण तिचं घर फडातच.

स्वातंत्र्य येतं, आणि पाठोपाठ मुंबई सरकार तमाशावर बंदी घालतं. अश्लीलता म्हणून. तुम्ही या दिवसांत नारायणगावात थांबलात तर बघाल की बंदी म्हणजे नेमकं काय: ढोलक्या खुंटीला, आणि पन्नास-साठ माणसांच्या चुली थंड. पुढे बंदी सैल होते, अट अशी की वगाची, म्हणजे तमाशातल्या नाट्याची, संहिता आधी तपासून घ्यायची. ज्या कलेत निम्मे संवाद रंगात आल्यावर तोंडात येतात, तिनं ते आधी कागदावर लिहून आणायचे. फडांनी तेही केलं. लिहून एक दिलं आणि रात्री बोलायचं ते बोलले.

आता थांबा. ही पन्नासच्या दशकातली एक रात्र आहे, पौषातली, जत्रेच्या गावची. घोंगडी घेऊन या, पहाटेपर्यंत बसायचंय.

तंबूच्या मागच्या बाजूनं या, कनात उचलून. रंगपटात दोन गॅसबत्त्या. विठाबाई जमिनीवर बसल्यात, वीस-बावीस वर्षांच्या. नऊवारीचा काष्टा घालून झालाय. आता घुंगरं. आधी घोट्याभोवती जुन्या धोतराची पट्टी गुंडाळतात, दोन वेढे, कातडी सोलू नये म्हणून. त्यावर घुंगरांचा पट्टा, एकेका पायावर किलोंनी वजन. नाडी दातात धरून ओढायची, गाठ आतल्या बाजूला मारायची, बाहेरची गाठ नाचताना दुसऱ्या पायाला घासते. मग पट्टा हातानं वरखाली करून बघायचा: हलला तर पुन्हा सोडायचा. गाठ मारून झाल्यावर त्या पाय एकदाच आपटतात, ऐकतात आणि एक घुंगरू हातानं दाबून पुन्हा ऐकतात. फुटकं आहे. ते एक तोडून बाजूला टाकतात. शेकडो घुंगरांत एक फुटकं. बाहेर बसलेल्या हजारांत कुणाला कळलं असतं? त्यांना कळलं.

पुढे जा, माणसांत बसा. पहिला गण. सगळे कलावंत गणपतीला नमन करतात, ढोलकी, हलगी, कडं, तुणतुणं एकदम उठतात आणि पाठीमागचे झीलकरी हात कानावर ठेवून सूर वर नेतात. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, आणि पदर खोचून आलेली मावशी, जी सोंगाड्याच असते. लोक हसून लोळतात. मग रंगबाजी, लावण्या, आणि आता विठाबाई समोर येतात.

आवाज ऐका. माईक नाही. शेवटच्या रांगेत, तंबूच्या मेखेला टेकून बसलेल्या माणसालाही शब्द न् शब्द पोचतो. आवाज गोड नाही. तो रांगडा आहे, छातीतून येतो, आणि वरच्या पट्टीत गेला की पातळ होण्याऐवजी अधिक रुंद होतो. नाचता नाचता गाणं म्हणजे दम दोन ठिकाणी वाटणं. ढोलकीवाला जाणूनबुजून लय वाढवतो, बाईंना बघायचंय म्हणून. त्या त्याच्याकडे पाठ करतात, पायानं उत्तर देतात, आणि समेवर अचानक थांबतात. क्षणभर तंबूत काहीच नाही. मग फेटे उडतात.

वग सुरू होतो तोवर मध्यरात्र उलटलीये. राजा, प्रधान, वनवास, ओळख पटणं. नाचणाऱ्या विठाबाई आता राणी झाल्यात, रडतायत, आणि मघाशी शिट्ट्या मारणारे तेच गडी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतायत. झुंजूमुंजू होतं तेव्हा वग संपतो.

बहुतेक प्रेक्षक इथे उठून घरी जातात. तुम्ही जाऊ नका. खरी गोष्ट आता सुरू होते.

फड म्हणजे काय, हे मालकाच्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही. पुढे हा फड विठाबाईंच्या नावावर उभा राहतो, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तुम्ही चिठ्ठ्या-नोटांच्या पेटीजवळ बसा. रात्रीच्या तिकिटांचे पैसे मोजले जातायत. त्यातून जागेचं भाडं, गावची वर्गणी, गॅसबत्तीचं रॉकेल, पुढे ट्रक आले की डिझेल, तंबू ओढणाऱ्या बिगाऱ्यांची मजुरी, शंभरेक माणसांचा दोन वेळचा शिधा. मग प्रत्येकाची नाईट, म्हणजे रात्रीचा पगार. ढोलकीवाल्याची वेगळी, सोंगाड्याची वेगळी. चांगला सोंगाड्या दुसऱ्या फडानं पळवू नये म्हणून त्याला आधीच मोठी उचल दिलेली असते. ती उचल मालकिणीनं सावकाराकडून व्याजानं आणलेली असते.

आणि हे सगळं दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच. पावसाळ्यात तंबू घडी करून ठेवायचा. माणसांना मात्र खायला लागतं. ती येतात, दारात बसतात. बाई, पोराचं आजारपण आहे. बाई, पोरीचं लग्न काढलंय. उचल वाढते. पुढच्या हंगामात एखाद्या जत्रेला अवकाळी पाऊस झाला, तंबू भिजला, खेळ बुडाला, तरी नाईट द्यायचीच. सुपारी घेऊन दुसऱ्या गावाला शब्द दिलेला असतो, तोही पाळायचाच. आजच्या शहरातला कुठलाही क्लब चालवणारा माणूस एका जागी दुकान मांडतो. विठाबाईंना दर संध्याकाळी ते नव्यानं उभं करावं लागे, पहाटे मोडावं लागे, आणि मधल्या वेळात स्वतः त्यात नाचावं लागे. गाणारी आणि मालकीण एकच असली की दमल्यावर सुट्टी मागायची कुणाकडे?

हे डोक्यात ठेवून त्या रात्रीला चला, जी तुम्ही आधीच ऐकली आहे. महाराष्ट्रात ती सगळ्यांनी ऐकली आहे.

नऊ महिने भरलेत. विठाबाई उभ्या आहेत, नाचतायत. खेळ रंगात आलाय आणि पोटात कळ येते. त्या सोबतच्यांना खुणावतात, थोडं सांभाळून घ्या. कनातीमागे जातात. बाळ होतं. दाई नाही, कात्री नाही. हाताला लागेल त्या दगडानं नाळ ठेचून तोडतात, बाळाला बाजूला निजवतात, लुगडं घट्ट आवळतात आणि पुन्हा समोर येतात. लोकांच्या ध्यानात येतं की मघाचं पोट आता नाही. कुजबुज होते. खरं कळल्यावर तेच लोक उठून उभे राहतात, हात जोडतात, आणि खेळ थांबवायला लावतात.

ही गोष्ट कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगितली जाते. सत्काराच्या भाषणांत, पुस्तकांत, अगदी शाळेच्या स्नेहसंमेलनात. निष्ठा होतीच, ती कोण नाकारेल? पण तुम्ही आत्ताच पेटीजवळून उठून आलात. खेळ अर्धा राहिला तर तिकिटं परत मागतात, तंबूला दगड पडतात, फडाचं नाव जातं, पुढच्या गावची सुपारी तुटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कनातीमागे ती बाई एकटी नव्हती, तिच्या मागे घरच्या फडातली सगळी तोंडं उभी होती. मला ही गोष्ट ऐकताना अभिमानापेक्षा संताप अधिक येतो. नऊ महिने भरलेल्या बाईला नाचावं लागू नये एवढी सोय त्या धंद्यात कुणी केली नव्हती. सरकारनं नाही, समाजानं नाही, आम्ही दाद देणाऱ्यांनी नाही. लोकांनी हात जोडले, हे त्यांचं थोरपण. पण दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी खेळ होताच.

इथून पुढची वर्षं भराभर बघा. 1957: राष्ट्रपतींच्या हातून पदक. चीनशी युद्ध झालं तेव्हा जवानांपुढे खेळ करायला त्या सीमेकडे जातात. लोक तमाशासम्राज्ञी म्हणू लागतात. फडाबरोबर मुली वाढतात, मंगला, संध्या, भारती, मालती, आणि त्याच मातीत शिकतात. आईनं त्यांनाही समोर बसवून शिकवलं नाही. त्या रांगेत उभ्या राहिल्या.

एक वळसा घेऊन संगमनेरला या, कारण विठाबाई एकट्या नव्हत्या. 1964 मध्ये तुकाराम खेडकर गेले. त्यांच्या मोठ्या फडातली नायिका कांताबाई सातारकर, पदरात लहान मुलं. आधाराला कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि त्यात पुरुषांच्या भूमिकाही केल्या. शिवाजी महाराज उभे केले, बाईनं, तमाशात, आणि गावोगावच्या माणसांनी ते डोक्यावर घेतले. मुलगा रघुवीर त्यांच्याबरोबर उभा राहिला. त्या काळच्या शहरी रंगभूमीवर एवढी माणसं पोसणारी, एवढा मोठा तंबू हलवणारी बाई मला तरी दाखवता येणार नाही. नाट्यसृष्टीच्या इतिहासात या दोघींना लोककला या प्रकरणात अर्धं पान मिळतं. त्यांना निर्मात्या म्हणून मोजायला हवं.

1990. पुन्हा दिल्ली, पुन्हा राष्ट्रपतींचा गौरव. पहिल्यानंतर तेहेतीस वर्षांनी. विठाबाई पंचावन्नच्या आहेत. इथे त्यांच्याकडे नीट बघा. पाय सुजलेत. घुंगरांच्या पट्ट्याचे वळ घोट्यावर कायमचे उमटलेत. गावात व्हिडिओ आलाय, एका खोलीत रात्रभर तीन सिनेमे बघायला मिळतात. मुलींनी आपापले फड काढलेत. मंगला बनसोडे करवडीकर हे नाव आता स्वतःच्या बळावर तंबू भरतं. हे फडांत नेहमीच होतं: चांगला कलावंत वाढतो आणि वेगळा होतो, मूळ फड उसवतो. आई-मुलीचं नातं असलं तरी सुपारी एकच असते आणि ती एकाच तंबूला मिळते. विठाबाईंचा फड कर्जात जातो. तंबू, ट्रक, सगळं एकेक करून सुटतं. पदकं राहतात. पदकावर सावकार पैसे देत नाही.

शेवटची वर्षं नारायणगावात. योगीराज बागूल यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र, तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा, तुम्ही परतल्यावर जरूर वाचा, मी इथे भराभर सांगितलं त्यातला एकेक हंगाम त्यात सापडेल. तुम्ही आता 15 जानेवारी 2002 ला पोचलात. विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिल भरायला लोकांनी वर्गणी काढली. हंगाम चालू होता. जानेवारीत सगळे फड रस्त्यावर असतात, कोकणापासून वऱ्हाडापर्यंत. बातमी पोचली त्या रात्रीही कुठे ना कुठे गण सुरू झाला असणार, कारण सुपारी घेतलेली.

चार वर्षांनी, 2006 मध्ये, महाराष्ट्र सरकारनं तमाशातल्या आयुष्यभराच्या कामासाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. चांगली गोष्ट आहे. मला फक्त एवढंच वाटतं की त्यातला काही भाग हंगामाच्या आधी, उचल देण्यासाठी, कमी व्याजाचं कर्ज म्हणून फडमालकांना मिळाला असता तर पुष्कळ मालकिणी कर्जात गेल्या नसत्या. कर्जाचा अर्ज करायला गेलं की बँक तारण मागते. तारण म्हणून तंबू चालत नाही.

आता शेवटचा मुक्काम, आणि तो फार जुना नाही. 2022 चा वसंत. मधे करोनाची दोन वर्षं गेली. 2020 च्या मार्चमध्ये ऐन जत्रांच्या तोंडावर खेळ बंद पडले. 25 मे 2021 ला कांताबाई सातारकरही करोनानं गेल्या. आता जत्रा पुन्हा भरतायत. तुम्ही नारायणगावच्या रस्त्यावर उभे आहात आणि समोर राहुट्यांची रांग आहे. प्रत्येक राहुटीवर एकेका फडाचा फलक, त्यावर मालकाचं किंवा मालकिणीचं नाव, नायिकांचे फोटो. गावोगावचे पंच जीपमधून उतरतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, भाव करतात. तारीख ठरते, इसार दिला जातो, कागदावर सही होते.

एका राहुटीत शिरा. मॅनेजर वही उघडून बसलाय. समोर चार गावकरी.

‘गेल्या टायमाला वग अर्धाच दाखवला तुम्ही,’ एक म्हातारा म्हणतो.

‘दादा, दहाला स्पीकर बंद करायला लावला पोलिसांनी. आमचा वगच बाराला सुरू व्हायचा पूर्वी. आता गण, गवळण, दोन लावण्या अन् हिंदी गाणी, झालं. पब्लिक ओरडतं आमच्यावर.’

‘मग?’

‘मग काय. परवानगी काढा. जत्रेची रात्र म्हणून बारापर्यंतची मिळाली तर वग करतो, पुरता. ट्रक जाईल ना गावात? पूल आहे का फरशी?’

‘फरशी आहे. पण चैत्रात कोरडीच.’

मॅनेजर तारीख लिहितो, पेन थांबवतो आणि विचारतो, ‘परवानगीचा अर्ज कुणी करायचा, तुम्ही का आम्ही?’